सुराचा रकाना

जाधवसरांसमोर कुणी इंग्रजीत शिवी दिली, की ते खिशातून वही काढतात आणि म्हणतात, "वन मिनिट. प्लीज रिपीट." शिवी देणाऱ्याचा राग तिथेच विरघळतो.

सर कोल्हापूरचे. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. आता आयर्लंडमधल्या एनिस गावात मुलीकडे, अनुजाकडे, राहतात. आमची घरं एका भिंतीची. वहीत चार रकाने आहेत: शब्द, स्थळ, व्याकरण, सूर. शिवीचंसुद्धा स्पेलिंग चुकलेलं त्यांना खपत नाही.

हा नाद लागला फ्रान्समध्ये. अनुजा आधी तिकडे होती. तिथे बेकरीत सत्तरीच्या एका बाईंच्या स्वेटरवर छातीभर इंग्रजी शिवी, तीही चमकीच्या अक्षरांत! सरांनी अदबीनं विचारलं, "मॅडम, डू यू नो द मीनिंग?" बाईंना वाटलं, स्वेटरचं कौतुक चाललंय. त्या लाजून "मेर्सी" म्हणाल्या.

"तिथं शिवी म्हणजे निव्वळ नक्षी हो," सर सांगतात. "आणि मला तर हा धडा कुठल्या पुस्तकातच नव्हता!"

आयर्लंडमध्ये त्यांना घबाडच सापडलं. इथे लोक 'फेकिन' ही मवाळ शिवी भाजीत मीठ घालावं तशी बोलण्यात घालतात. समोरचा पॅट, रिटायर्ड बस ड्रायव्हर, एकदा 'ॲब्सो-फेकिन-लूटली' म्हणाला. सर धावत माझ्याकडे आले. "अहो, उपसर्ग ठाऊक होता, प्रत्यय ठाऊक होता. ह्यो तर शब्दाच्या पोटात शिरून बसलाय की!"

दर रविवारी त्यांना बापूंचा फोन यायचा. बापू म्हणजे पहिलीपासूनचे दोस्त. त्यांचा आवाज भिंतीपलीकडे आम्हालाही ऐकू यायचा: "काय रं सुक्काळीच्या, हाईस का गेलास?" मग तासभर सर नुसते खिदळायचे.

या हिवाळ्यात बापूच गेले. सरांची वही बंद झाली. आम्ही मराठी मंडळी भेटायला गेलो, 'सर, काळजी घ्या', 'सर, जेवलात का' वगैरे म्हणालो. सर म्हणाले, "तुम्ही सगळी अहो-जाहो करता, बरं वाटतं. पण मला अरे म्हणणारं आता कुणी उरलं नाही."

मला फार वाईट वाटलं. घरी येऊन आरशासमोर 'अरे जाधव' म्हणून पाहिलं. जीभ वळेना.

गेल्या मंगळवारी कचऱ्याची गाडी यायची होती. पॅटचा पाय दुखत होता म्हणून सरांनी त्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवला. पण आठवडा हिरव्या डब्याचा, आणि सरांनी नेला काळा. गाडी डब्याला हात न लावता निघून गेली. पॅट दारातून ओरडला, "जाधव, यू फेकिन ओल्ड ईजिट!" ईजिट म्हणजे इथला बावळट.

मी सारवासारव करायला धावलो. सर फाटकाशी उभे होते, चष्मा काढून डोळे पुसत.

"पॅट," ते म्हणाले, "प्लीज रिपीट."

पॅट वरमला. "आह, यू आर ग्रँड, जाधव. सॉरी."

"नो सॉरी. रिपीट."

पॅटनं बिचकत हळूच म्हटलं.

"लाउडर!"

पॅटनं गल्ली दणाणून सोडली. सरांनी किती दिवसांनी वही काढली. शब्द लिहिला, स्थळ लिहिलं, व्याकरण लिहिलं. सुराच्या रकान्यापाशी जरा थांबले आणि लिहिलं, 'बापूचा'.