पास्टर गप्प बसले त्या दिवशी

तो निधी मलाच मिळणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. म्हातारपण शरीरात कसं शिरतं याचा अभ्यास करणाऱ्या नवख्या संशोधकांसाठी तो असतो. नवखं कोण, तर पीएचडीला दहा वर्षं व्हायच्या आतलं. माझी नऊ वर्षं अकरा महिने झाली होती. यंदा हुकलं की मी कागदोपत्री म्हातारी!

पण हुकमाचा पत्ता माझ्या हातात होता. आमच्या ब्लॅक रिव्हर गावच्या चर्चमधली ऐंशीच्या पुढची बावीस माणसं सभागृहातलं वीस पावलांचं अंतर शाळा सुटल्यासारखी कापायची. रक्तातल्या एका प्रथिनाची ही करामत, असा माझा सिद्धांत. तो तपासायला परीक्षक डॉ. गिटेन्स बाई थेट बार्बाडोसहून आल्या.

पहिल्या निघाल्या मदर ड्रुसिला, वय एक्क्याण्णव. मध्यावर थांबून त्यांनी गिटेन्स बाईंच्या टोपीची चौकशी केली. मागचे ब्रदर ओबादिया तर ओल्या डांबरात पाय रुतल्यासारखे. मी स्टॉपवॉचकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

मदरना कोपऱ्यात घेऊन विचारलं, बरं नाही का?

"मला काय धाड भरलीय, पोरी? तू पहिल्यांदा वेळ मोजलीस त्या दिवशी पलीकडे पास्टर रविवारचं प्रवचन घोळवत होते. ते गायला लागले की पाय माझे राहतात होय?"

आमच्या पास्टर एगबर्टांचं प्रवचन बोलण्यातून गाण्यात कधी चढतं ते कळत नाही. कळतं तेव्हा आपण उभे असतो. त्या दिवशी मीही एका हातात स्टॉपवॉच धरून दुसऱ्याने मांडीवर ठेका धरला होता. प्रथिनाचा काय दोष!

देवाच्या घरात आकडे कसे लपवणार? मी सगळं सांगून टाकलं. गिटेन्स बाईंनी पेनाला टोपण लावलं, क्षणभर विचार केला आणि पुन्हा काढलं. म्हणाल्या, मग तेच सिद्ध करा. आधी गाण्यावर चालवा, मग शांततेत.

पास्टरनी गाता गाता बायबलमधल्या यरीहोच्या भिंती पाडायला घेतल्या. मदर सुटल्या! ओबादिया काठी विसरून परत आले. टेबलाखाली गिटेन्स बाईंचा पायही ताल धरू लागला. अर्धी लढाई मी जिंकले होते.

आता शांतता. वेळ कमी होता म्हणून सगळ्यांना एकदमच सोडायचं ठरलं. पास्टर पलीकडच्या टोकाला खुर्चीवर तोंड मिटून बसले. मी स्टॉपवॉच दाबलं.

आणि बावीसच्या बावीस जण आधीपेक्षा दुप्पट वेगाने धावत सुटले! गिटेन्स बाई उभ्याच राहिल्या. खुर्चीभोवती ही गर्दी! मदरनी पास्टरच्या कपाळावर हात ठेवला.

"ताप नाही. मग हा गप्प का बसलाय? अरे, सेरासीचा काढा आणा कुणीतरी."

निधी मिळाला. ज्या गोष्टीने म्हाताऱ्यांच्या पायांना पंख फुटतात ती शोधायलाच हवी, असं गिटेन्स बाईंनी समितीला कळवलं. मात्र मंजुरीपत्रात एक अट आहे: वेळ मोजायला दुसऱ्या पंथाचा माणूस नेमावा. कारण त्या धावेची वेळ कुठेच नोंदलेली नाही. स्टॉपवॉच थांबवायचं सोडून मी पास्टरांची नाडी बघत होते.