मॅनिफोल्डखालचे नातेवाईक

शेवटी मेहुण्याला बोलवावं लागलं. पण असं काही घडलंच नाही, हे त्या घरात एकमताने ठरलेलं आहे. त्यामुळे वरचं वाक्य आपणही वाचलं नाही असं समजू आणि सकाळपासून सुरुवात करू.

सकाळी ट्रकवाल्याने अंगणात जुनी चादर पसरली आणि मॅनिफोल्ड आपण स्वतः बदलणार असं जाहीर केलं. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा नळ्यांचा जुडगा. जुन्याला चीर गेली होती आणि त्याचा छोटा ट्रक चढावर शीळ घालायला लागला होता. दुसऱ्या दिवशी कपाटांच्या कारखान्याची पहिली फेरी होती. ट्रक उभा राहिला असता, तर ते काम दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं.

"माझ्या भावाला बोलवा ना," बायको म्हणाली. "गॅरेज काय त्याने शोभेला ठेवलंय?"

"त्याला? सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणाला, भावोजी, तुम्ही फक्त स्टिअरिंग धरा, बाकी कशाला हात लावू नका! त्या दिवसापासून त्याचा पाना माझ्या ट्रकला लागलेला नाही. लागणारही नाही."

"पाना नाही लागला ते राहू दे. त्याचा पायही घराला लागला नाही, त्याचं काय?"

यावर ट्रकवाला ट्रकखाली गेला. अवघड प्रश्न आला की तो तिथेच जायचा.

मॅनिफोल्ड काढायचा, तर आधी सेन्सरांच्या वायरी सोडवाव्या लागतात. कुठला सेन्सर काय करतो हे त्याला तोंडपाठ होतं, पण इंग्रजी नावं काही केल्या डोक्यात राहत नव्हती. मग त्याने कागदी चिकटपट्टीवर नातेवाइकांची नावं लिहिली. एक पट्टी सेन्सरवर आणि त्याच नावाची दुसरी त्याच्या वायरीच्या टोकावर.

दाब मोजणाऱ्या सेन्सरला बायकोचं नाव दिलं. "घरात दाब किती आहे, हे तुझ्याइतकं कुणाला कळतं?" तो कौतुकाने म्हणाला. आत येणारी हवा किती गरम आहे हे सांगणाऱ्याला स्वतःचं नाव दिलं. "शोभतंय. कायम हवेतच असता," बायको म्हणाली. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात बसून तापणाऱ्या सेन्सरवर आत्याची पट्टी लागली. आणि अगदी खाली, मॅनिफोल्डच्या पोटाखालच्या तेलकट अंधारात एक सेन्सर असतो. इंजिनात कुठे जरा ठोका पडला की तो ऐकतो आणि लगेच वर चहाडी करतो. तिथे ट्रकवाल्याने जरा दाबूनच लिहिलं, मेहुणा.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. घरातल्या प्रत्येक गोष्टीची पाहणी करण्याचं काम तिला कुणी दिलेलं नव्हतं, त्यामुळे ते कुणाला काढूनही घेता येत नव्हतं. जुना मॅनिफोल्ड उतरला, तशी ती चष्मा लावून इंजिनावर वाकली.

"बाळ्या, माझ्या नावाचा हा काय करतो रे?"

"इंजिन तापलं की पहिल्यांदा त्याला कळतं."

"म्हणजे मी तापट?"

"तापट नाही गं आत्या. तापमापक."

"आणि तो खालचा?"

"तो कोपऱ्यात बसून सगळ्यांचं ऐकतो."

"ते काम या घरात जन्मभर मी केलं! आणि दिलंस कुणाला, तर जो इकडे फिरकतही नाही त्याला?"

"आत्या, हे मानपान नाही, इंजिन आहे."

"बरं," आत्या म्हणाली.

आत्याच्या 'बरं'चा अर्थ घरातल्या मांजरालाही ठाऊक होता. पण मांजर झोपलं होतं आणि ट्रकवाला हात धुऊन जेवायला गेला. तो परत येईपर्यंत आत्याने आपली आणि मेहुण्याची अशा दोन पट्ट्या अलगद सोलून त्यांची अदलाबदल केली होती. इंजिनावरच्या. वायरींनाही नावं आहेत, हे तिच्या गावीही नव्हतं.

दुपारी ट्रकवाल्याने पट्ट्यांवर विश्वास ठेवून नावाला नाव जुळवलं आणि वायरी जोडल्या. त्या दोन वायरींची टोकं जुळ्या भावांसारखी दिसत होती, त्यामुळे कुठेही अडलं नाही. वर नवा मॅनिफोल्ड बसला आणि त्याने किल्ली फिरवली.

ट्रकने काळा धूर सोडला, वाळत घातलेल्या साड्यांवर पसरवला आणि प्राण सोडला.

"बोलवू का त्याला?" बायकोने विचारलं.

"नको. गाडी नवी हवा अंगवळणी पाडून घेतेय."

पुन्हा किल्ली, पुन्हा धूर. समोरच्या घराच्या खिडक्या बंद झाल्या.

"आता तरी बोलवू?"

"मी जिवंत असेपर्यंत नाही!"

"मघाशीच बोलवलंय. येतोच आहे."

मेहुणा आला. फाटकातच थांबला. "भावोजी, हात लावू की लांबूनच बघू?"

"बघ," ट्रकवाला आकाशाकडे पाहत म्हणाला.

मेहुण्याने आपलं यंत्र जोडलं आणि बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. "या ट्रकच्या मते तो बर्फात उभा आहे. ऊब यावी म्हणून नुसता पेट्रोल पितोय."

"गोधडी आणू का?" आत्याने मनापासून विचारलं.

मॅनिफोल्ड पुन्हा उतरला. मेहुणा वाकला आणि वाकलेलाच राहिला. पाण्याच्या सेन्सरवर त्याचं नाव होतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "हा नसेल तर इंजिनाला आपण गार की गरम, तेसुद्धा कळत नाही. भावोजींनी इथे मला ठेवलंय." त्याने नाक पुसलं, त्यामुळे ते काळं झालं. "फक्त वायरींवरच्या पट्ट्या उलट्या लागल्यात. तेवढंच चुकलंय तुमचं, भावोजी."

ट्रकवाल्याने इंजिनाकडे पाहिलं. मग आत्याकडे पाहिलं. आत्या कमालीची निष्पाप दिसत होती. सगळं त्याच्या लख्ख लक्षात आलं. त्याचं काहीही चुकलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातून एक काम बिनचूक झालं होतं आणि त्याचा पुरावा समोर चिकटवलेला होता. त्याने तोंड उघडलं.

बायको भावाचं काळं नाक पदराने पुसत होती.

"हो," ट्रकवाला म्हणाला. "चुकलं माझं."

"अरे, पण ते तर मी—" आत्या म्हणाली.

"आत्या, तुम्ही आधी चहा घ्या," बायको म्हणाली.

ट्रक पहिल्या किल्लीला सुरू झाला. मेहुणा जेवूनच गेला आणि दुसऱ्या दिवशी कपाटंही वेळेवर पोचली. पट्ट्यांची बातमी मात्र नात्यात पसरली आणि तेव्हापासून ट्रकवाल्याला फोन उचलायची भीती वाटते.

तरी इंजिन बनवणाऱ्या सर्व कंपन्यांना सविनय विनंती करण्यात येते की, पुढील मॉडेलात सेन्सरांची संख्या अर्जदाराच्या नातेवाइकांइतकी करावी, त्या सर्वांना सारखाच मान द्यावा, आणि तापणारे जेवढे असतील तेवढे सगळे अर्जदाराच्याच नावे लावावेत. दोन मावश्या स्वतःची जागा बघायला रविवारी येत असल्याने हा अर्ज तातडीचा समजावा.