शेवंता कावळीची वजाबाकी

मुलांनो, एका जंगलात एक कावळी राहत होती. एक म्हणजे किती, ते तिला येत होतं. दोनही येत होतं. गडबड तीनपासून सुरू व्हायची.

तिचं नाव शेवंता. बाकी कशात ती मुळीच कच्ची नव्हती हं. जंगलाला लागून नदीचा घाट होता. तिथे पिंडाला कधी शिवायचं आणि माणसांना किती वेळ ताटकळत ठेवायचं, हे तिच्याइतकं कुणालाच जमत नसे. सहलीला आलेल्या माणसाच्या हातातला वडा ती असा अलगद उचलायची, की तो माणूस नुसत्या पावालाच चावा घ्यायचा. पण कुणी "तीन आणि एक किती?" असं विचारलं, की ती फांदीवर चोच घासायला लागायची. "पुष्कळ," असं म्हणून ती उडून जायची.

याला कारण घुबड मास्तर. उंबराच्या ढोलीत त्यांची शाळा होती. गणित चुकलं की मास्तर डोक्यात चोच मारत, आणि किती वेळा मारली तेही मोजायला लावत. शेवंता ते मोजायलाही चुके. मग पुन्हा पहिल्यापासून. अशी तिची दोन वर्षं गेली, आणि तिने शाळेच्या नावाने कानाला खडा लावला.

पुढे तिचं धोंडूशी लग्न झालं. संसार बरा चालला होता. गणितावाचून काही अडत नव्हतं.

अडलं ते मागच्या वसंतात. शेवंताच्या घरट्यात पिल्लं झाली. त्यातलं थोरलं भलतंच खादाड निघालं. शेवंता मोठ्या कौतुकाने त्याला भरवायची. एक दिवस तिची जाऊ सखूबाई येऊन बसली आणि कान टवकारून म्हणाली, "अगं शेवंता, तुझ्या थोरल्याला सर्दी झालीय का? 'काव' म्हणायला जातो आणि घशातून 'कुहू' येतंय."

दुसऱ्या दिवशी तो थोरला उडून गेला. जातो म्हणून सांगितलंसुद्धा नाही. शेवंता आठ दिवस त्याला शोधत होती. भाऊबंद मात्र पोट धरून हसले. "अंडी मोजता येत नाहीत, आणि निघाली संसार करायला!" असं तिच्या तोंडावर म्हणाले.

ते तिला फार लागलं. यंदा अंडी घातली तेव्हाच तिने ठरवलं, काहीही झालं तरी मोजायला शिकायचं. आपली किती आणि परकी किती, हे आपल्याला कळलंच पाहिजे. पण उंबराची ढोली आठवली, की डोकं आपोआप दुखायला लागे.

तेवढ्यात तिला मोबाइलवर एक जाहिरात दिसली. कावळ्यांकडे मोबाइल कुठून आले, असं विचारू नका. सहलीला येणारी माणसं काय काय विसरून जातात, ते तुमच्या आईबाबांना विचारा.

जाहिरात अशी होती: "गणिताशी गट्टी! ऑनलाइन वर्ग. भीती नाही, रडू नाही, टोचणं तर नाहीच नाही. तुम्ही हुशार आहातच, फक्त तुम्हाला ते कुणी सांगितलेलं नाही. तुमचे, मंजुळ सर."

शेवंताच्या डोळ्यांत पाणीच आलं. आपण हुशार आहोत, हे खरंच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

धोंडूने जाहिरातीतला फोटो नीट पाहिला. "अगं, हा कोकीळ आहे!" तो ओरडला. "मागच्या वर्षीचं विसरलीस काय?"

"अहो, कोकीळ काय म्हणता? सर आहेत ते," शेवंता म्हणाली.

पहिल्याच तासाला सरांनी तो विषय स्वतःहून काढला. "काही घरट्यांत गेल्या वर्षी जे झालं, ते फार वाईट झालं. आमच्यात असतात असे काही. मला त्याची लाज वाटते. म्हणून तर मी हा वर्ग काढला." असं म्हणून त्यांनी डोळे टिपले. यावर धोंडूनेही मान डोलावली.

वर्गाचे नियम दोनच. पहिला, नवराबायकोने जोडीने बसायचं, कारण शिकणाऱ्याला घरच्यांचा आधार लागतो. दुसरा, मन एकाग्र करायचं आणि मागे वळून घराकडे बघायचं नाही.

रेंज फक्त सावरीच्या झाडाच्या शेंड्याला यायची. त्यामुळे रोज सकाळी दहाला अकरा जोडपी सावरीवर जमत आणि आपापला मोबाइल उघडून बसत. सर दोन झाडं सोडून आंब्यावर बसलेले असत. ते नुसते बोलले असते तरी सगळ्यांना ऐकू गेलं असतं. पण मग त्याला ऑनलाइन कसं म्हणायचं? धोंडूचा कॅमेरा नेहमी बंद असे, कारण धोंडूचे डोळे बंद असत.

सरांच्या बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, कधी दिसत नसत. त्या वेळेला त्यांचं बाहेरचं काम असे. पहिल्या दिवशी त्या नुसत्या घरं बघून आल्या.

आता खोटं कशाला बोलू? सर शिकवायचे फार सुरेख. ते अंक गाऊन शिकवत. एक म्हटलं की खालचा सूर, दोन म्हटलं की त्याच्या एक पायरी वर, तीन आणखी वर. सूर चढत जाई आणि अंक चढत जात. शेवंताला आयुष्यात पहिल्यांदा तीनच्या पुढे काहीतरी दिसलं. ती घरी गेली, तिने घरट्यात वाकून पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात गायली, "एक, दोन, तीन, चार!"

चार अंडी होती. चार! ती इतकी खूश झाली की तिने धोंडूला उठवून पुन्हा गाऊन दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "शेवंताताई, चार आणि एक किती?"

"पाच... असतील बहुतेक," शेवंता मान आत ओढून म्हणाली. चोच डोक्यात बसायची ती वाटच बघत होती.

"वा! त्यातलं 'बहुतेक' काढून टाका, मग बघा उत्तर किती देखणं आहे ते," सर म्हणाले. सगळ्या वर्गाने पंख वाजवले. त्या दिवशी शेवंता घरी गेली ती छाती पुढे काढूनच.

घरी मोजलं, तर अंडी पाच.

ती चक्रावली. तिसऱ्या दिवशी तिने भीत भीत विचारलं, "सर, परवा चार होती. काल पाच भरली. असं कसं हो?"

मंजुळ सर फांदीवर जरा पुढे सरकले. मग त्यांचा चेहरा उजळला. "ताई, यालाच प्रगती म्हणतात! परवा तुम्हाला चारपर्यंतच येत होतं, म्हणून चार दिसली. आता पाचपर्यंत येतं."

"पण एक जरा लहान आहे. रंगही वेगळा वाटतो."

"गणितात रंग आणि आकार बघायचा नसतो. सगळे अंक आपलेच."

बाकीच्या कावळ्यांनाही हे पटलं, कारण त्यांचीही प्रगती होत होती. चौथ्या दिवशी शेवंताला सहा येऊ लागलं. आठवड्याच्या शेवटी सरांनी तिला "सहापर्यंत उत्तीर्ण" असं लिहिलेलं प्रमाणपत्र पाठवलं. सखूबाईला आठपर्यंतचं मिळालं, तेव्हा शेवंताला थोडं वाईट वाटलं. आपण अभ्यासात कमी पडलो, असंच तिला वाटलं.

असे दहा-बारा दिवस गेले. एका संध्याकाळी घुबड मास्तर हिंडत हिंडत तिच्या फांदीवर येऊन बसले. शाळा ओस पडली होती, त्यामुळे त्यांना काही काम नव्हतं.

"काय गं, शिकलीस म्हणे?"

"हो मास्तर. सहापर्यंत," शेवंता ताठ मानेने म्हणाली. "आधी घरात चार होती. आता सहा येतात मला."

मास्तरांचे डोळे होते त्याहून मोठे झाले. "सहातून चार गेले तर किती?"

"वजाबाकी आम्हाला नाही. सर म्हणतात, काढून घेतलं की मन खचतं."

"किती?" मास्तरांनी चोच उचलली.

शेवंताने फांदीवर चोच घासली. डोकं दुखायला लागलं. पण या वेळी ती उडून गेली नाही. इतके दिवस तिला कुणीतरी हुशार म्हटलं होतं. तशी सवय लागली, की ती सहजासहजी सुटत नाही.

"टोचू नका मास्तर. जरा थांबा. गाऊन बघते," ती म्हणाली.

ती सहाच्या सुरावर चढली. सर नेहमी तिथून पुढे वर जात. शेवंता खाली उतरू लागली. ही उतरण तिला कुणी शिकवली नव्हती. "पाच... चार... तीन... दोन." चार पायऱ्या उतरून ती थांबली. गाणं काही ऐकण्यासारखं नव्हतं. पण उत्तर बरोबर होतं.

"दोन," ती पुटपुटली. तिने घरट्याकडे पाहिलं. "दोन माझी नाहीत."

मास्तरांनी उचललेली चोच खाली घेतली. त्यांनाही बहुधा पहिल्यांदाच न टोचता उत्तर मिळालं होतं.

सकाळी दहाला ती वर्गाला बसली. "आज कोण कुठपर्यंत पोचलं?" सरांनी गोड आवाजात विचारलं.

"सर, मी उतरून आले," शेवंता म्हणाली. "सहातून चार गेले की दोन उरतात. ती दोन कुणाची?"

सरांच्या घशातून एक चमत्कारिक चिरका आवाज निघाला. सगळ्या मोबाइलवर तो एकदमच ऐकू आला. मग सावरीच्या शेंड्यावर सगळ्या कावळ्या आपापल्या अंकांवरून खाली उतरू लागल्या. सखूबाई आठवरून निघाली, ती बराच वेळ उतरतच होती. उतरून झालं, तसे सगळे एकदम मागे वळून घराकडे बघू लागले.

सखूबाईच्या घरट्यात सरांच्या बाई अगदी निवांत बसल्या होत्या. नववं चाललं होतं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. बावीस कावळ्यांनी त्या बाईंना थेट नदीपार पिटाळलं. सरांनी घाईघाईने "तांत्रिक कारणामुळे वर्ग बंद" असा संदेश टाकला आणि तेही पळाले. त्यांचा घसा जो बसला, तो पुढच्या वसंतापर्यंत सुटला नाही. वर्षातले बरेच महिने कोकीळ गप्प का असतो, याचं कावळ्यांनी सांगितलेलं कारण हेच आहे.

आता उरली अंडी.

घुबड मास्तर ऊन असूनही ढोलीतून बाहेर आले होते. "उत्तर आलं ना? मग आता रीत पुरी कर. ती लहान दोन खाली ढकल, म्हणजे गणित सुटलं," ते शेवंताला म्हणाले.

शेवंता घरट्याच्या काठावर आली. लहान अंडी कोणती, ते आता स्पष्ट दिसत होतं. इतके दिवस ते कसं दिसलं नाही, याची तिला लाज वाटली, आणि रागही आला. भाऊबंदांचं हसणं आठवलं. तिने पहिल्या अंड्याला चोच लावली.

आतून आवाज आला. टिक. टिक टिक.

कुणीतरी आतून कवच फोडत होतं. फार ताकद नव्हती बिचाऱ्यात. दोनदा टोचायचं, आणि दमून थांबायचं.

शेवंताने चोच मागे घेतली. मग पंख फुलवून सहाच्या सहा अंड्यांवर बसली.

"टाकतेस ना?" धोंडूने हळूच विचारलं.

"मी हलणार नाही. तुम्ही किडे बघून या. सहा तोंडं आहेत," ती म्हणाली.

मास्तरांनी डोक्याला पंख लावला. "अगं वेडे, मग मोजायला शिकून तुला मिळालं काय? मागच्या वर्षी परक्याचं पोर पोसलंस. यंदाही पोसणारच. फरक काय पडला?"

"पडला की, मास्तर," शेवंता म्हणाली. "मागच्या वर्षी मी फसले होते. यंदा मी वाढवतेय."

मास्तर बराच वेळ मनातल्या मनात हिशेब करत राहिले. तो काही त्यांना सुटला नाही.

तात्पर्य: लाडीगोडीने शिकवलेलं गणित डोक्यात इतकं पक्कं बसतं, की विद्यार्थी त्यातून शिकवणाऱ्याचीच लबाडी शोधून काढतो. म्हणून ज्यांना विद्यार्थ्यांना फसवायचं असेल, त्यांनी छडी घेऊनच शिकवावं. घाबरलेली पोरं कधीच काही मोजत नाहीत.