चौकोनाचा पाचवा कोपरा

मी लेकीचा अभ्यास घ्यायचं ठरवलं, तेव्हा बायको वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली होती. (माझे बहुतेक पराक्रम ती गच्चीवर असतानाच होतात.)

दुसऱ्या दिवशी बालवर्गात पालकांसमोर प्रत्येक मुलानं एकेक आकार हातात धरून त्याचं वर्णन करायचं होतं. आमच्या ठकीच्या वाट्याला चौकोन आला होता. मागच्या कार्यक्रमात ती तोंड उघडायच्या आधीच रडली होती, म्हणून या खेपेस बायकोनं कंबर कसली होती. दुपारभर खपून तिनं लाल पुठ्ठ्याचा देखणा चौकोन कापून ठेवला होता.

"कोपरे किती?" मी विचारलं.

"चार."

इथे थांबलो असतो तर आज घरात मान असता. पण मी पडलो हिशेबखात्यातला कारकून; वजाबाकी दिसली की हात शिवशिवतात.

"एक कापला तर उरतील किती?"

"कापून दाखव ना, बाबा!"

मी कात्रीनं एक कोपरा उडवला. "बघ. चारातून एक गेला, उरले तीन."

ठकीनं बोट लावून मोजलं. "पाच."

"नीट मोज गं!"

"तूच मोज."

मोजले. पाच. चष्मा पुसून मोजले, तरी पाचच! (ऑफिसात माझ्या वजाबाकीवर साहेब डोळे मिटून सही करतात हो.) जास्तीचा म्हणून आणखी एक उडवला, तर सहा झाले. तो कापला, सात! कापावे तसे वाढतच होते मेले.

"बाबा, गोलाला कोपरे नसतात," ठकीनं धीर दिला. "थोडंच राहिलंय."

मला ते पटलं. कात्री फिरवत सुटलो, तेवढ्यात बायको दारात.

"हे काय?"

"चौकोन," मी म्हणालो.

"कुठल्या बाजूनं?"

घरात पुठ्ठा उरला नव्हता. बायकोनं कात्री तेवढी कुलपात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या हॉलमध्ये खांबाआडची खुर्ची धरली. ठकी पुढे आली. तिनं ते लाल प्रकरण डोक्यावर धरलं. बाईंनी ते सरळ बघितलं, मान तिरकी करून बघितलं.

"बाळ, काय आहे हे? सांग बरं सगळ्यांना."

मी डोळे मिटले. आता रडणार! पण ठकीचा आवाज खणखणीत आला, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत.

"काल संध्याकाळपर्यंत हा चौकोन होता. मग बाबांनी माझा अभ्यास घेतला."