गीझर, कोकरू आणि पंधरा मिनिटं

पुंडलिकनगरातल्या त्या घरात वीज वाचवायची जबाबदारी इंद्रजीतनं आपण होऊन घेतली. कुणी दिली नव्हती! पण शेंद्र्याच्या कंपनीत त्याला वीजबचतीच्या दोन तासांच्या ट्रेनिंगचं प्रमाणपत्र मिळालं होतं, आणि प्रमाणपत्र मिळालेला माणूस नव्या जावयासारखा असतो. जाईल तिथं मान पाहिजे!

"आपला मीटर आता बैलगाडीसारखा चालवून दाखवतो!" बायकोच्या टिकल्यांचं पाकीट हातात घेऊन त्यानं जाहीर केलं. "हजार वॅटच्या वर जे असंल, त्याला लाल टिकली. लाल म्हणजे बंद!"

मोबाईलच्या उजेडात त्यानं एकेका यंत्राची पाठ वाचली. पंखा पंच्याहत्तर, बिचारा! टीव्ही ऐंशी, गुणाचा! अन् गीझर?

"दोन हजार! मोनिका, आपण घरात राक्षस पाळलाय!"

गीझरच्या कपाळी लाल टिकली लागली आणि मोनिकाचं तोंड उतरलं. दुःख गरम पाण्याचं नव्हतं, बरं का. नऊ महिन्यांची अक्षदा पहाटेपासून तिच्या अंगाला वेलासारखी चिकटलेली. दिवसातून एकदाच, अंघोळीला, दाराला कडी लागायची. पंधरा मिनिटं! तेवढ्यात मोनिका कुणाची आई नसायची, सून नसायची, नुसती मोनिका असायची. आता जानेवारीत थंड पाण्याची अंघोळ दोन मिनिटांत उरकते. दोन मिनिटांत माणसाला स्वतःचं नावसुद्धा धड आठवत नाही!

"गॅसवर तापव की पाणी," इंद्रजीत म्हणाला.

"तापवते. तोवर अक्षदाला तुम्ही पाजा."

इंद्रजीतनं विषय बदलला.

त्याच दिवशी गावाहून सासरे आले. मुंजाबांची सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. पोराकडं येताना लोक शेंगा आणतात. मुंजाबांनी घोंगडीत गुंडाळून कोकरू आणलं. आई मेलेलं, थरथरणारं.

"गच्चीवर ठेवू," इंद्रजीतचा जीव कळवळला. "वर दिवा लावून देतो. ऊब राहील."

"पोतं अन् गवत पुरंल रं."

"आबा, हे शहर आहे! दिवा दोनशे वॅटचाच आहे. किरकोळ!" त्यानं दिव्याच्या बटणाला कौतुकानं हिरवी टिकली लावली. दिवा रात्रंदिवस जळू लागला आणि कोकरू त्याखाली सरपंचासारखं लोळू लागलं.

आठव्या दिवशी इंद्रजीत मीटर बघून आला तो घाम पुसतच.

"आधी रोज पाच युनिट पडायचे. आता नऊच्या वर! गीझर बंद असून! मोनिका, कुणीतरी आपली लाईट चोरतंय!"

चोरही त्यानं तिथल्या तिथं पकडला. शेजारच्या तात्यासाहेबांकडं नवी आटाचक्की आली होती. इंद्रजीत थेट त्यांच्या दारात!

"तात्यासाहेब, राग मानू नका, पण तुमची एखादी वायर आमच्याकडं..."

"म्हणजे आम्ही गव्हाबरोबर तुमची लाईट बी दळतोय व्हय?" तात्यासाहेब पीठभरल्या हातानंच बाहेर आले. "चला! तुमचं मेन स्विच पाडा. माझी चक्की चालूच राहील. बघू तुमचा मीटर फिरतो का!"

मेन स्विच पडलं. मीटरची मिचमिचणारी लाल बत्ती गप्प. चक्की मात्र घरघरतच राहिली. इंद्रजीतचा चेहरा मळलेल्या कणकेसारखा झाला. आणि तेवढ्यात गच्चीवरून आवाज आला, "ब्यांऽऽऽ!"

दिवा विझल्याची तक्रार होती ती!

मोनिकानं वर बघितलं. मग अक्षदाचं लसीचं कार्ड उलटं केलं, पेन्सिल काढली.

"अहो, युनिट म्हणजे काय हो?"

"हजार वॅट एक तास चाललं की एक युनिट," इंद्रजीत घडाघडा बोलला आणि मध्येच थांबला. ट्रेनिंगमध्ये त्यानं 'हजार वॅट' लिहून घेतलं होतं. 'एक तास' म्हणेपर्यंत चहा आला होता!

"दोनशेचा दिवा, चोवीस तास?"

"चार हजार... आठशे. पाचाला जरा कमी."

"अन् माझा गीझर, पाव तास?"

"अर्धा," इंद्रजीत पायाच्या अंगठ्याकडं बघत पुटपुटला.

"अरं इंदर," मुंजाबा हसून म्हणाले, "बैल मोठा घास घेतो म्हणून तू त्याला दावणीला बांधलास, अन् शेळी रात्रंदिस पिकात सोडलीस! तोंड केवढं हे नाय बघायचं नुसतं, किती वेळ चरतंय ते बी बघावं लागतं!"

तात्यासाहेब इतके हसले की पीठ उडालं. कोकरू पोत्यात गेलं आणि तिथंही सरपंचासारखंच लोळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गीझर लागला. कडी वाजली. आणि इंद्रजीत अक्षदाला कडेवर घेऊन, मोबाईलवर वेळ लावून, दाराबाहेर उभा!

"मोनिका, अकरा मिनिटं!"

आत पाणी सांडल्याचा आवाज.

"पंधरा! अर्धा युनिट झाला!"

आतला पाण्याचा आवाज थांबला.

"वीस! अगं, वेळच तर महत्त्वाचा, कालच ठरलं ना?"

"गीझर कवाच बंद केलाय."

"मग आत काय करतेस?"

"काय नाय. नुसती बसलेय."

इंद्रजीतनं मोबाईलवर हिशोब मांडला. शून्य वॅट गुणिले वीस मिनिटं. शून्य. चुकलं असेल म्हणून पुन्हा मांडायला गेला, तोच अक्षदानं त्याचा कंपनीत घालायचा सदरा वरपासून खालपर्यंत कोमट केला. तेही बिनविजेचं!