काकडाची वेगळी फळी

मी जव्हारच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसतो. (गावात ‘बॉटनीत आहे’ असं सांगतो.) परवा नव्या मॅडमनी फर्मान काढलं: लिलीचं जुनं कुळ आता मोडलं, लेबलं बदला. बदलली. कांदा-लसूण नागदवण्याकडे गेले, कुळूची भाजी शतावरीच्या घरी, कळलावीने वेगळी चूल मांडली. एवढं मोठं खटलं मी डिंकाच्या एका बाटलीत वाटून दिलं!

त्याच नादात रविवारी खोडाळ्याला, घरी, स्वयंपाकघरही कुळांप्रमाणे लावायला घेतलं. नेमका त्या दिवशी मेहुणा जगन जेवायला येणार होता. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नात मी त्याला, सख्ख्या मामाला, दुसऱ्या पंगतीत बसवलं होतं. (वर्गीकरणात माझा हात पहिल्यापासून असाच.) तेव्हापासून त्याने आमच्याकडे पाणीही घेतलं नव्हतं. म्हणून बायकोने, गौराने, त्याच्या आवडीची रानभाजी, शेवळं, आणली होती.

“आज भाऊ रुसून गेला तर मी पण त्याच्यासंगं जाईन,” ती म्हणाली. “आधण आलं का टोपलीतलं सगळं टाका. मी हंडा भरून येते.”

टोपलीत पाहतो तर शेवळासोबत काकडाची आंबट फळं! सुरणाच्या भावकीत गुग्गुळाचा सोयरा? मी फळं उचलून वरच्या फळीवर ठेवली, लेबल डकवलं. मग टोपलीतलं सगळं टाकलं. बायकोच्या आज्ञेबाहेर मी नाही.

पाहुण्याआधी उष्टं करायचं नाही, म्हणून गौराने न चाखताच वाढलं. चार घास झाल्यावर जगनने घसा खाकरला.

“दाजी, त्या पंगतीचा...” आणि तो थांबला. माझ्याही घशात खाजकुइली फिरू लागली.

“काकड कठं हाये?” गौरा ओरडली.

“त्याच्या कुळात.”

“अवो, काकडाबिगर शेवळं खाजतं! इतकी वर्षं खाता ना?”

“खातो. रांधत नाही.”

तासभर आम्ही दोघं ओटीवर चिंच चोखत, डोळे पुसत बसलो. भांडण काढायला घसाच शिल्लक नव्हता. शेवटी जगन घोगरं हसला.

“दाजी, दुसरी पंगत परवडली!”

जाताना तो तांब्याभर पाणी प्यायला. मला फार बरं वाटलं. “बघ, विज्ञानाने समेट झाला,” मी गौराला म्हणालो. तिने फक्त डिंकाची बाटली मागून घेतली.

सोमवारी एसटीत लोक माझ्या पाठीमागे उगाच हसत होते. कॉलेजात मॅडमनी माझ्या शर्टावरून एक लेबल सोडवलं. अक्षर गौराचं: ‘हा खाजतो. काकडाशिवाय वापरू नये.’

मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि परत चिकटवलं.

“हे वर्गीकरण काही बदलणार नाही,” त्या म्हणाल्या.