गुणाजी तरसाची जपानी गाडी

मुलांनो, खोड्या पुरे, मांडी घालून बसा. एका जंगलात गुणाजी नावाचा एक तरस राहत होता. स्वभावाने गरीब. व्यसन काही नाही. फक्त त्याच्या अंगणात एक जुनी जपानी गाडी उभी होती.

गाडी बोटीतून सातासमुद्रापलीकडून आली होती. ती नव्यासारखी करायची, असं गुणाजीने ठरवलं होतं. ठरवून झालं आणि गाडी विटांवर चढली. तळाचा पत्रा गंजाने खाल्ला. आत बसलं की पाय थेट गवतावर. इंजिन सुटं करून स्वयंपाकघरातल्या डब्यांत भरलेलं. त्याची बायको इठाबाई डाळीचा डबा उघडायची, तर आत नटबोल्ट!

अशात त्यांच्या तानूचं लग्न ठरलं. खिंडीपलीकडच्या राघोजी तरसाचा मुलगा. मोठं खानदान! आता त्या जंगलाची रीतच अशी, की मांडव मुलीच्या बापाच्या अंगणात पडायचा.

इठाबाई म्हणाली, "अहो, एक तर ही गाडी जाईल, नाहीतर मी तानूला घेऊन भावाकडे जाते. लग्न तिथेच लावू."

एकुलती एक लेक, आणि तिचं लग्न मेहुण्याच्या दारात? छे छे! गुणाजीने लगेच वडावर पाटी लावली. "अस्सल जपानी गाडी विकणे आहे. थोडं काम बाकी. हौशी मंडळींनीच यावे."

थोडं म्हणजे किती, ते विचारू नका. विकणाऱ्याचं थोडं वेगळं असतं.

आधी एक बोकड आला. म्हणाला, "अ‍ॅव्हरेज किती देते?"

"चालवायची नाही हो, घडवायची आहे," गुणाजी म्हणाला.

बोकडाने सीटचा कोपरा चावून पाहिला आणि गेला.

मग भिवबा साळिंदर आला. गाडीला एक प्रदक्षिणा घातली. दारावरून हळूच पंजा फिरवला. मग विचारलं,

"आरसे मूळचे?"

"मूळचे."

"आणि तळ?"

"गेला," गुणाजी खरं बोलला. अशा जाणकाराशी खोटं बोलवेना.

भिवबाने सुस्कारा सोडला. "माझ्याकडे हीच गाडी आहे हो, गुणाजीराव. तळ ठणठणीत. पण वरचं काहीच नाही. बायको म्हणते, भंगारात टाका."

गुणाजीचे डोळे लकाकले. याचा तळ, आपले आरसे! चहा झाला. पुन्हा चहा झाला. दोघांना इतकं समजून घेणारं आजवर कुणी भेटलंच नव्हतं.

संध्याकाळी इठाबाई मांडवाचे वासे घेऊन आली. पाहते तो काय, अंगणात दोन गाड्या!

"अगं, दोन मिळून एक होणार!" गुणाजी आनंदाने ओरडला.

"आणि उरेल ती?"

"सुट्या भागांना लागेलच की!"

इठाबाईने वासे उचलले, तानूला हाक मारली आणि भावाचा रस्ता धरला.

लग्न मेहुण्याच्या अंगणात लागलं. मेहुणा येईल त्याला सांगत होता, "दाजींकडे जागा नाही ना, म्हणून इथे." लोक फिदीफिदी हसत होते. गुणाजीने खालमानेने कन्यादान केलं. फार लाज वाटली बिचाऱ्याला. चुकलंच आपलं, दोन्ही गाड्या उद्या भंगारात, असं त्याने मनाशी पक्कं केलं. पाठवणीला तर त्याला हुंदकाच फुटला.

तेवढ्यात व्याही राघोजी जवळ आला. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "व्याही, रडू नका. एक विचारू? तुमच्याकडे डाव्या बाजूचं दार आहे म्हणे. मूळचं? माझ्या अंगणात अशाच तीन गाड्या आहेत, पण एकीलाही ते दार नाही."

गुणाजीचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले.

तानूने निघताना मागे वळून पाहिलं. बाप आणि सासरा धुळीत बोटाने बॉनेटचं चित्र काढत बसले होते. इतका वेळ न रडलेली पोर मग हंबरडा फोडून रडली. बायका म्हणाल्या, "माहेर सुटतंय ना, रडायचीच."

तात्पर्य : भंगार विकायचं तर अडाण्यालाच विकावं. जाणकार आला की ते दुप्पट होतं. आणि लेकीला स्थळ पाहताना मुलगा सावकाश बघावा, आधी त्याचं अंगण बघावं.